लोकरीतच चढलेला रंग

एक मत निवडा. फार मोठं नको. देव आहे की नाही, कुठला पक्ष बरा, असलं काही आत्ता नको. त्यांच्यावर बोलायची आपल्याला इतकी सवय असते की मन लगेच भाषण ठोकायला लागतं. घरगुती मापाचं घ्या. कर्ज काढून हौस करू नये. पाहुण्याला जेवल्याशिवाय पाठवू नये. मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहिल्याशिवाय लग्नाचं नाव काढू नये. परक्या मुलखात आपला आवाज खालीच असावा. यातलं एखादं चालेल, किंवा तुमचं स्वतःचं. अट एवढीच की ते तुम्हाला मत वाटता कामा नये. 'यात विचार कसला करायचा?' असं ज्याच्याबद्दल वाटतं, ते घ्या.

मिळालं? आता त्याच्याशी भांडू नका आणि त्याची वकिलीही करू नका. ते समोर असू द्या.

अबुधाबीतल्या खलिफा सिटीतली शुक्रवारची दुपार अशा बसण्याला बरी असते. ज्यांना अर्धा दिवस असतो ते घरी परतलेले असतात, मशिदीबाहेरच्या गाड्या पांगलेल्या असतात, व्हिलांमधले रुंद रस्ते मोकळे पडलेले असतात. एका व्हिलाचे पाच-सहा भाग पाडून भाड्याने दिलेल्या घरांपैकी एकात तुम्ही राहत असाल, तर भिंतीपलीकडून दुसऱ्या कुटुंबाचा मिक्सर ऐकू येईल. विमानतळ जवळ, त्यामुळे अधूनमधून विमान. एसीची घरघर तर असणारच. हे आवाज थांबण्याची वाट पाहू नका, ते थांबत नाहीत. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. खिडकी पश्चिमेची असेल तर पडदा अर्धा ओढून घ्या, अर्धाच. त्या पडद्याचं पुढे काम आहे.

इंग्रजीत अशा मुरलेल्या माणसाला किंवा मताला एक जोडविशेषण आहे: डाइड-इन-द-वूल. लोकरीतच रंगवलेला. आज ते बहुधा एखाद्या पक्षाच्या किंवा फुटबॉल संघाच्या कट्टर भक्ताला लावलेलं ऐकू येतं, पण ते आलं रंगाऱ्याच्या कढईतून. लोकर तीन मुक्कामांवर रंगवता येते. कापड विणून झाल्यावर अख्खं ठाण रंगात बुडवता येतं. त्याआधी, सूत कातून झाल्यावर, लड्या रंगवता येतात. आणि त्याच्याही आधी, मेंढीच्या अंगावरून उतरवलेली लोकर धुऊन, ती पिंजण्याआधी, मोकळ्या तंतूंच्या अवस्थेत रंगवता येते. ठाण रंगवलं तर घट्ट विणीत, जिथे उभा-आडवा धागा एकमेकांवरून जातो तिथे, रंग कधीकधी पुरता पोचत नाही. मोकळ्या लोकरीत तो प्रत्येक तंतूला सगळ्या बाजूंनी भेटतो. कुठे कमी-जास्त चढला तरी पिंजताना सगळं मिसळून एकसारखं होतं. पुढे त्या कापडाला कात्री लावा, उसवा, फाडा, आतही तोच रंग.

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचा मोठा व्यापार लोकरी कापडाचा होता, त्यामुळे ही गोष्ट तिथे कारागिरांपुरती राहिली नाही. १५९७ साली रिचर्ड हूकर या धर्मपंडिताने बालपणी लागलेल्या वळणाबद्दल लिहिताना लोकरीची आणि रंगाचीच उपमा घेतली. म्हणजे मुळात हे बोलणं मुलांच्या वाढीबद्दल होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या राजकारण्यांनी ते पक्षनिष्ठांना चिकटवलं आणि मग त्यातलं मूल मागे पडलं, कट्टरपणा तेवढा उरला. मला ती जुनी जागा जास्त कामाची वाटते.

आपण अशा माणसाला हाडाचा म्हणतो. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. हाड आपलं आपल्याबरोबर आलेलं असतं. लोकर मात्र कोणीतरी, कुठल्यातरी दिवशी, कढईत टाकलेली असते. आज आपण कढईच्या बाजूने बघणार आहोत.

तर परत तुमच्या मताकडे.

पहिला प्रश्न सावकाश विचारा. हे मत माझ्याकडे नव्हतं असा एखादा दिवस मला आठवतो का?

घाई करू नका. काही मतांच्या बाबतीत तो दिवस चटकन सापडतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मित्राला पैसे दिले, ते बुडाले, तेव्हापासून 'मैत्रीत व्यवहार नको'. हा रंग ठाणावर चढलेला. तुम्ही विणून झालेले होतात, मग वरून बुडवले गेलात. अशा मताचा बचाव आपण जोरात करतो, कारण विणीच्या आत कुठेतरी तो पोचलेला नाही हे आपल्याला ठाऊक असतं. दुसरी काही मतं विद्यार्थिदशेतली: वसतिगृह, एखादे सर, एखादी चळवळ, पहिलं प्रेम. सूत कातलं गेलं होतं पण कापड व्हायचं होतं. त्या मताला तारीख नसते पण साल असतं.

आणि काहींना सालही नसतं. तिथे मन मागे मागे जातं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थबकतं. कोणी काही शिकवत नव्हतं. आई पाहुण्याच्या ताटात दुसरी पोळी वाढत होती आणि तुमच्या ताटातली बघता बघता अर्धी झाली होती, एवढंच. तुम्ही चार वर्षांचे असाल. त्या दिवशी कोणी तुम्हाला अतिथीबद्दल एक शब्द सांगितला नाही. तरी तुम्ही कढईत होतात.

तिथे थोडं थांबा. चेहरा दिसला तर दिसू द्या. नाही दिसला तरी चालेल. वास, भांड्याचा आवाज, फरशीचा गारवा, जे येईल ते.

आता एक अवघड शक्यता. तुमचं मत यापैकी कुठल्याच मुक्कामावरचं नसेल तर?

अबुधाबी बेटावर कस्र अल होस्नमध्ये हाउस ऑफ आर्टिझन्स नावाचं कारागिरीचं दालन आहे. खलिफा सिटीतून गाडीने फार लांब नाही. तिथे अल सदू पाहायला मिळतं, बेदुइन बायकांचं विणकाम: तंबूंसाठी, उंटांच्या खोगिरांसाठी, उशा-बिछायतींसाठी. युनेस्कोने २०११ साली ते तातडीने जपायला हव्या अशा वारशाच्या यादीत घातलं. रीत अशी की पुरुष मेंढ्या, बकऱ्या, उंट यांचे केस कातरतात. बायका ते साफ करून टकळीवर काततात, मग रंगवतात आणि जमिनीलगत आडव्या टाकलेल्या मागावर विणतात. मेंदी, हळद, केशर, नीळ असे रंग. पण नीट पाहिलं तर त्या पट्ट्यांत काळा, पांढरा, तपकिरी यांचाच भरणा असतो. लोकर काळी, पांढरी, तपकिरी मिळतेच. तिच्यासाठी कढई चढवावी लागत नाही.

हे पाहून मराठी माणसाला घोंगडी आठवायलाच हवी. धनगराने कातरलेली दख्खनी मेंढीची काळी लोकर, ती कातून, चिंचोक्याची खळ देऊन, सणगराने खड्ड्याच्या मागावर विणलेली. जुन्या पद्धतीच्या काळ्या घोंगडीला रंगारी लागलेलाच नसतो. मेंढी काळी म्हणून घोंगडी काळी. हा चौथा मुक्काम. इंग्रजी वाक्प्रचाराला त्याची गरज पडली नाही, कारण रंगवून विकायला तिकडे पांढरी लोकर हवी असे.

तर विचारा: माझं मत घोंगडीच्या जातीचं आहे का? कोणी रंगवलंच नाही, जन्मतःच असं?

आपल्याला तसं वाटायला फार आवडतं. 'माझा स्वभावच आहे तो.' 'आमच्या रक्तातच आहे.' माझा अनुभव सांगायचा तर, शांत बसून शोधलं की या खात्यात फारच थोडं उरतं. मोठ्या आवाजाची भीती, गोडाची ओढ, कोणी रडताना पाहून घशात येणारा आवंढा, असल्या गोष्टी. त्यांना मत म्हणता येत नाही. ज्याचं वाक्य करता येतं, त्याची कढई कुठेतरी असतेच. तरीही तुमच्या मताला तुम्ही घोंगडी ठरवलं असेल तर राहू द्या. भिजत घोंगडं म्हणून ते बाजूला ठेवा आणि दुसरं मत घेऊन पुढे चला.

दुसरा प्रश्न पहिल्याहून खोल आहे. रंग चढला, पण धरला कशाने?

नुसता रंग लोकरीला धरत नाही, निदान बरेचसे वनस्पतींचे रंग धरत नाहीत. मंजिष्ठेची मुळं उकळून लोकर त्यात टाकली तर ती रंगीत निघते खरी, पण धुण्यात बराचसा रंग सोडते. म्हणून आधी तुरटी. लोकर तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. तुरटीतला धातू तंतूला जाऊन चिकटतो, आणि मग आलेला रंग त्या धातूला चिकटतो. तुरटीला स्वतःचा रंग नाही. कापडात ती दिसत नाही. फ्रेंच रंगाऱ्यांनी अशा पदार्थाला दिलेल्या नावाचा अर्थ 'चावणारा' असा आहे, आणि तेच नाव इंग्रजीत गेलं. याहून नवलाची गोष्ट म्हणजे तीच मंजिष्ठा, तीच लोकर, पण तुरटीऐवजी लोखंडाचा क्षार दिला तर लाल येत नाही. जांभळट, काळसर तपकिरी येतो.

तुमच्या मतामागे काय चावलं होतं ते बघा.

'लोक काय म्हणतील' हे वाक्य एकाच घरातल्या दोन भावंडांनी ऐकलं. एकाला ते आजीच्या मांडीवर, गोष्टी ऐकता ऐकता मिळालं. दुसऱ्याला चारचौघांत कानाखाली बसली तेव्हा. आज पन्नाशीत दोघंही म्हणतात, 'लोकांचा विचार करावाच लागतो.' एक ते हसत म्हणतो आणि दहा माणसं जोडून असतो. दुसऱ्याच्या घरी तुम्ही गेलात तर पडदे ओढलेले असतात. वाक्य एकच आहे.

म्हणून मत काय आहे ते क्षणभर सोडून द्या. ते पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा अंगाला काय झालं होतं, तिथे जा. छातीत ऊब होती की पोटात गोळा? शाबासकी होती? लाज? कोणीतरी फार आवडतं माणूस हे म्हणत होतं, म्हणून ते खरं होतं? की ज्याची भीती वाटायची तो म्हणत होता, म्हणून? उत्तर शब्दांत यायची गरज नाही. कित्येकदा खांदे उत्तर देतात. ते वर चढले असतील तर खाली सोडा, आणि ते चढले होते एवढं लक्षात ठेवा.

निळीचं प्रकरण निराळंच आहे, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवायचं तर पिंपातला प्राणवायू काढून घेणारं आंबवण करावं लागतं. त्या पिंपात निळा रंग निळा राहत नाही, पिवळट हिरवा होतो. लडी त्यात बुडवून बाहेर काढली तर हातात येते ती हिरवट लडी. आणि मग हवा लागते. पाहता पाहता हिरव्यातून पारवा, पारव्यातून निळा. काही मिनिटांत ती अशी निळी होते की कधी हिरवी होती यावर कोणी विश्वास ठेवू नये.

तुमच्या मताला हवा कधी लागली?

मनात असताना ते हिरवटच होतं. 'असं असेल कदाचित' इतपत. मग एका संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमानंतर, हातात कागदी प्लेट, चार जोडपी उभी, विषय निघाला मुलांना पुढच्या शिक्षणाला कुठे पाठवायचं याचा. तुम्ही बोललात: 'मी तर स्पष्ट सांगतो, भारतातच पाठवायचं.' कोणीतरी मान डोलावली, कोणीतरी हरकत घेतली, तुम्ही उत्तर दिलंत. घरी जाताना गाडीत बायको म्हणाली, 'तुमचं एवढं पक्कं आहे हे मला माहीत नव्हतं.' तुम्हालाही नव्हतं. हवा लागेपर्यंत ते पक्कं नव्हतंच. पुढच्या वेळी कोणी विचारलं तेव्हा तुम्ही आतल्या हिरवटपणाला विचारलं नाहीत, आपल्याच मागच्या वाक्याला विचारलंत.

ती संध्याकाळ आठवा. त्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला खरोखर काय वाटत होतं, तिथपर्यंत जाता येतं का बघा. कठीण आहे. दोन-तीन श्वास त्यावर घालवा, जास्त नको.

आणि हेही लक्षात असू द्या की नीळ तंतूला चावून बसत नाही, ती त्याच्यात अडकून असते. म्हणूनच जीन्स गुडघ्यावर आणि खिशाच्या कडेला पांढरी पडते. जिथे वापर आहे तिथून ती जाते. घडीच्या आत नवी कोरी राहते. रोज ज्या मताला घासावं लागतं आणि जे नुसतं घडी घालून ठेवलेलं असतं, यातलं जास्त गडद कुठलं दिसेल सांगायला नको.

आता पडद्याकडे या.

खलिफा सिटीतल्या पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दोन उन्हाळ्यांत सांगून टाकतो की तो विकणाऱ्याने काय थाप मारली होती. इथलं ऊन असं की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची कामं कायद्यानेच बंद ठेवावी लागतात. कापड उद्योगात हे ऊन मोजायची एक ठरलेली रीत आहे आणि गंमत म्हणजे तीही लोकरीचीच. आठ निळ्या रंगांनी रंगवलेल्या लोकरी कापडाच्या आठ पट्ट्या. पहिली सगळ्यात लवकर विटते, आठवी सगळ्यात उशिरा, आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट टिकते. तपासायचं कापड या आठ पट्ट्यांशेजारी उन्हात किंवा दिव्याखाली ठेवतात. पण ठेवताना प्रत्येकाचा एक भाग पुठ्ठ्याने झाकतात. विटलं की नाही हे नुसतं बघून कळत नाही; झाकलेल्या भागाशी ताडून बघितलं तरच कळतं.

तुमच्या मताचा झाकलेला भाग कुठे आहे?

तो बहुतेक वेळा आपल्या माणसांत असतो. शाळासोबत्यांच्या गटात, मामाच्या घरी, जिथे ते मत बोलावंच लागत नाही कारण सगळ्यांचं तेच असतं. आणि उघडा भाग इथे: केरळी शेजारी, फिलिपिनो सहकारी, मुलीची इजिप्शियन मैत्रीण, तिच्या आईशी पार्किंगमध्ये होणारं पाच मिनिटांचं बोलणं. दोन्ही भाग मनात शेजारी शेजारी ठेवा. गावी ते मत तुम्ही ज्या आवाजात बोलता, त्याच आवाजात इथे बोलता का? फरक असेल तर तो ढोंग समजू नका. तो नुसता फरक आहे, नोंद करण्यासारखा.

पक्का रंग म्हणजे कशाला पक्का, हेही तपासणारे वेगवेगळं विचारतात. उन्हाला पक्का रंग धुण्यात जाऊ शकतो. धुण्याला पक्का रंग घामाने किंवा घासण्याने जातो. वादात कधीच न विटलेली मतं मी नातवाच्या जन्माने एका आठवड्यात पांढरी पडलेली पाहिली आहेत. 'सून आपल्यातलीच हवी' हे पस्तीस वर्षं कोणाच्या बापाचं न ऐकणारं मत, सुनेने तमिळ धाटणीचं रसम करून वाढल्यावर दुसऱ्या वाटीला विरलं. ऊन चाललं नव्हतं, घासणं चाललं.

कधी हवामानच बदलतं. २००६ पर्यंत इथली सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, मग शुक्रवार-शनिवार झाली आणि २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. आखातात शुक्रवार म्हणजे सुट्टी, हे इथल्या जुन्या मराठी माणसाला सूर्य पूर्वेला उगवतो तसं वाटत होतं. सत्यनारायण शुक्रवारी, मित्रांची जेवणं शुक्रवारी. तरी थोड्याच दिवसांत अंगवळणी पडलं.

आणि कधी फार मोठं पक्केपणही कसाला लागतं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणारी माणसं दुष्ट नव्हती. बरीचशी कर्व्यांना लहानपणापासून ओळखणारी, त्यांना जीव लावलेली असणार. त्यांच्या दृष्टीने यात मत असं काही नव्हतंच. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्याच कर्व्यांना भारतरत्न दिलं गेलं. त्या पासष्ट वर्षांत मुरूडच्या त्या रंगाचं काय झालं असेल याचा विचार करताना मला नेहमी बहिष्काराच्या सभेत बसलेल्या कुणा विशीतल्या पोराचं कुतूहल वाटतं, जो १९५८ मध्ये पंच्याऐंशीचा होऊन वर्तमानपत्र वाचत असू शकेल. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: कर्वेसुद्धा लोकरीतच रंगलेले होते. त्यांचाही रंग उतरला नाही. पक्केपणाच्या कसोटीवर दोघं सारखेच उतरले असते. प्रयोगशाळेतला माणूस पट्टीवर आकडा लिहितो, रंग चांगला की वाईट ते लिहीत नाही. ती तपासणी दुसरी, आणि ती करताना 'मला हे नेहमीच असं वाटत आलंय' हा पुरावा धरला जात नाही.

तुमच्या मताला एक ते आठमधला आकडा द्या. ऊन, धुणं, घासणं, तिन्हीला वेगळा. मनातच, किंवा हाताशी कागद असेल तर त्यावर. चार-पाचच्या आसपास असेल तर त्या मतावर आज कोणाशी वाद घालायला जाऊ नका, ते अजून ठरतं आहे. तिन्हीकडे सात-आठ असेल तर शेवटचं काम उरतं, आणि ते बसून होणारं नाही.

ज्या माणसाच्या कढईत तुम्ही होतात ते माणूस हयात असेल तर त्याला फोन करा. भारतात घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे, तेव्हा इथल्या साडेसातच्या आत करा. नंतर त्यांच्या गोळ्या आणि झोपेची वेळ होते. प्रकृती विचारा, पाऊस विचारा. मग सहज विचारा, 'तुम्ही नेहमी असं असं म्हणायचात, ते कशावरून हो?' गप्प राहून ऐका. एखादं कारण निघेल, जे तुम्ही कधी ऐकलं नव्हतं: एखादं बुडालेलं कर्ज, परत न आलेला भाऊ, कोणाच्या तरी दारातून उपाशी परतलेली संध्याकाळ. किंवा पलीकडून हसू येईल आणि आई म्हणेल, 'मी? मी असं कधी म्हणत होते? छे, काहीतरीच तुझं.' तसं झालं तर तिला आठवण करून देऊ नका. तिचा तो रंग केव्हाच गेलेला असेल, आणि तिला त्याचं काही वाटतही नसेल.